एक पेनीचा डोंगर

जानेवारी १९००. केप ऑफ गुड होप या ब्रिटिश वसाहतीनं एक पेनीचं नवं टपाल तिकीट काढलं. लालभडक रंग, पुढं समुद्राचा उपसागर, मागं सपाट माथ्याचा टेबल माउंटन, त्याच्या पायथ्याशी केप टाउन आणि सोबतीला वसाहतीचं मानचिन्ह. चित्र इवलंसं, पण भिंग लावून बसलात तर त्यातून पाचशे वर्षांच्या गोष्टी निघतात. पोर्तुगीज खलाशी निघतात, डच भाजीमळे निघतात, धूम्रपानाची शर्यत लावणारा सैतान निघतो आणि चक्क रत्नागिरीसुद्धा निघते!

टपाल तिकिटावर झळकण्याचा खरा मान जगात कुठल्या गावाचा असेल तर तो या गावाचा. कारण गाव वसायच्या आधी तिथं पोस्ट होतं. कसं ते पाहा.

दगडाखालचं पोस्ट

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातून हिंदुस्थानाकडं आणि जाव्याकडं निघालेली इंग्रज आणि डच जहाजं तिकिटावरच्या या उपसागरात, टेबल बेमध्ये, गोडं पाणी भरायला थांबत. किनाऱ्यावर ना धक्का, ना कचेरी, ना कारकून. मग खलाशांनी टपालाची आपली तऱ्हा काढली. पत्रं मेणकापडात घट्ट गुंडाळायची, डांबर लावून पाणी आत शिरणार नाही असं करायचं आणि मोठ्या दगडाखाली पुरायची. दगडावर जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव आणि येण्याजाण्याची तारीख कोरायची. उलट दिशेनं येणारं जहाज थांबलं की त्याचे लोक असे दगड शोधत, आपल्या वाटेवरची पत्रं उचलत आणि स्वतःची ठेवून जात. या ‘टपाली दगडां’पैकी काही केप टाउनच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. ना तिकीट, ना पोस्टमन. सगळा व्यवहार अनोळखी माणसावरच्या भरवशावर चाले.

बुटातलं पत्र

याहून जुना किस्सा केप टाउनच्या पूर्वेला, मॉसेल बेमध्ये घडला. हिंदुस्थानातून परतणाऱ्या पेरो द अताईद या पोर्तुगीज कप्तानानं तिथल्या एका झाडापाशी पत्र ठेवलं. ते एका बुटात ठेवलं होतं, असं सांगतात. पत्रात कालिकतमधल्या धोक्याचा इशारा होता. जुलै १५०१मध्ये हिंदुस्थानकडं निघालेल्या झुआंव द नोव्हाच्या हाती ते पडलं आणि तो सावध झाला. म्हणजे मलबारच्या किनाऱ्यावरची बातमी आफ्रिकेच्या टोकावरल्या झाडानं पोचवली! ते झाड आजही जपलेलं आहे आणि त्याच्याजवळ बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे. पर्यटक त्यात हौसेनं पत्रं टाकतात.

जहाज फुटलं, गाव वसलं

१६४७मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘न्यू हार्लेम’ हे जहाज टेबल बेच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यावरच्या लोकांपैकी काही जण जवळजवळ वर्षभर तिथंच राहिले. परत गेल्यावर त्यांनी कंपनीला सांगितलं की जागा झकास आहे, पाणी गोड आहे, भाजीपाला उत्तम पिकेल. त्या काळी लांबच्या सफरीत ताज्या भाज्या न मिळाल्यानं स्कर्व्ही होऊन खलाशी पटापट मरत. कंपनीला गावापेक्षा मळा हवा होता. ६ एप्रिल १६५२ला कंपनीचा माणूस यान व्हान रीबेक तिथं पोचला आणि कोबी, मुळा, गाजरं लावायला सुरुवात झाली. तो ‘कंपनीज गार्डन’ आज शहराच्या मध्यावर बाग म्हणून उभा आहे. खोइखोई लोक मात्र या डोंगराखाली त्याच्या कितीतरी आधीपासून गुरं चारत होते. मळे वाढले तशी त्यांची कुरणं गेली. ही किंमतही त्या तिकिटावरच्या सुंदर देखाव्यात धरायला हवी.

नांगरावर रेललेली बाई

केपच्या तिकिटांची खूण म्हणजे जहाजाच्या नांगरावर रेलून बसलेली एक स्त्री. ती म्हणजे आशा. १४८८मध्ये बार्तोलोमेउ दियाश या टोकाला वळसा घालून गेला. त्यानं वादळांवरून नाव ठेवलं आणि पोर्तुगालच्या राजानं ते बदलून ‘शुभ आशेचं भूशिर’ केलं, अशी कथा आहे. आशेचं चिन्ह नांगर, म्हणून बाईच्या हाती नांगर. गंमत म्हणजे साऱ्या साम्राज्यात व्हिक्टोरिया राणीचा चेहरा तिकिटांवर मिरवत असताना केपनं राणीच्या हयातीत आपल्या तिकिटांवर तिला कधी बसवलंच नाही. कागद उजेडात धरला तर कित्येक तिकिटांच्या जलचिन्हातसुद्धा नांगरच दिसतो.

जगातलं पहिलं त्रिकोणी तिकीट

१ सप्टेंबर १८५३ला केपची पहिली तिकिटं निघाली आणि जगानं प्रथमच त्रिकोणी तिकीट पाहिलं. एक पेनीचं लाल, चार पेनीचं निळं. आराखडा वसाहतीचा महासर्वेक्षक चार्ल्स डेव्हिडसन बेल याचा. छपाई लंडनच्या पर्किन्स बेकन कंपनीची, म्हणजे १८४०मध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं टपाल तिकीट छापणाऱ्यांचीच. त्रिकोण का? अक्षरओळख नसलेल्या कामगारालाही इथलं पत्र आकारावरून झटकन वेगळं काढता यावं म्हणून, असं तिकिटं जमवणारे सांगत आलेत.

बेल साहेब चित्रकारही होते. व्हान रीबेक किनाऱ्यावर उतरतानाचं त्यांचं चित्र दक्षिण आफ्रिकेत घरोघरी माहीत आहे. १९५२मध्ये त्या आगमनाला ३०० वर्षं झाली तेव्हा ते चित्रही टपाल तिकिटावर आलं. एकाच माणसानं तिकीट घडवलं आणि शंभर वर्षांनी त्याचं चित्र तिकीट झालं, असा योग विरळाच.

घाईत चुकलं, मोलाचं ठरलं

१८६१मध्ये केपमधला तिकिटांचा साठा संपत आला आणि लंडनहून नवा माल काही येईना. तेव्हा केप टाउनच्याच सॉल सॉलोमन यांच्या छापखान्यात तातडीनं तिकिटं छापली. ओबडधोबड छपाईमुळं ती ‘वुडब्लॉक’ म्हणून ओळखली जातात, पण त्यांचे ठसे लाकडाचे नव्हते. घाईत एक घोटाळा झाला. एक पेनीचा एक ठसा चार पेनीच्या ठशांत जाऊन बसला आणि चार पेनीचा एक पेनीच्या ठशांत. परिणाम असा की काही एक पेनीची तिकिटं निळी झाली आणि चार पेनीची लाल. आज ही चुकलेली तिकिटं संग्राहकांच्या जगातल्या बड्या दुर्मीळ वस्तूंत गणली जातात.

डोंगराचा प्रवेश

१८९३मध्ये बसलेली आशा उठून उभी राहिली आणि तिच्या पाठीमागं टेबल बे दिसू लागली. १९००मध्ये आशेनं जागा मोकळी केली आणि चित्र डोंगराला मिळालं. ती अगदी हरवली नाही. तिकिटावरच्या मानचिन्हाच्या शिरोभागी तिलाच स्थान आहे. त्या मानचिन्हाच्या ढालीवरची तीन कडी व्हान रीबेकच्या घराण्याची, आणि लिलीची फुलं फ्रान्समधून धर्मछळामुळं पळून आलेल्या ह्यूगनो लोकांची.

एक पेनी ही किंमतही त्या काळाची खूण आहे. १८९८च्या नाताळात साम्राज्यातल्या अनेक देशांदरम्यान एका पेनीत पत्र धाडण्याची सोय सुरू झाली आणि १८९९मध्ये केपही तिच्यात सामील झालं. हजारो मैलांवरचं पत्र गरिबाच्या खिशाला परवडू लागलं.

वेढ्यातली तिकिटं

हे तिकीट निघालं तेव्हा बोअर युद्ध पेटलेलं होतं. वसाहतीच्या उत्तरेला मॅफेकिंग हे गाव २१७ दिवस वेढ्यात अडकलं होतं. तिथं केपच्या तिकिटांवर ‘मॅफेकिंग बीसीज्ड’ असं छापून काम भागवलं, आणि गावातल्या गावात वापरायला फोटोच्या निळ्या प्रक्रियेनं स्वतःची तिकिटं काढली. एकावर सायकलस्वार सार्जंट मेजर गुडइयर, दुसऱ्यावर खुद्द सेनापती बेडन-पॉवेल. निरोप पोचवायला गावातली कॅडेट पोरं धावत असत. पुढं बेडन-पॉवेलनं स्काउट चळवळ उभारली, तिच्यामागं या पोरांचीही आठवण होती. शाळेत खाकी गणवेश आणि गळ्यात स्कार्फ घालून उभे राहिलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांचं नातं असं त्या वेढ्याशी जुळतं.

मेजावरचा पांढरा कपडा

आता डोंगराकडं वळू. सपाट माथा म्हणून टेबल. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो. समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढते, वर जाता जाता गार होते आणि माथ्यावर पांढराशुभ्र ढग धरतो. पलीकडच्या कड्यावरून तो खाली ओघळू लागतो आणि हवा पुन्हा तापली की विरून जातो. लोक म्हणतात, टेबलावर कपडा अंथरला! दंतकथा सांगते की व्हान हुंक्स नावाचा म्हातारा समुद्री चाचा इथं चिलीम ओढत बसायचा. एकदा सैतानानं त्याला पैजेत ओढलं आणि दोघांनी धूर सोडण्याची शर्यत लावली. ती अजून संपलेली नाही, हा ढग म्हणजे त्यांचाच धूर. शेजारच्या शिखराचं नावही त्यामुळं ‘डेव्हिल्स पीक’. त्या वाऱ्याला केप टाउनकर ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण तो शहरातली घाण हवा उडवून नेतो.

आकाशातही टेबल

फ्रेंच ज्योतिर्विद निकोला-लुई द लाकाय १७५१ ते १७५३ या काळात केप टाउनला राहिला आणि त्यानं दक्षिण आकाशातले सुमारे दहा हजार तारे नोंदवले. त्यानं नव्या तारकासमूहांना नावं दिली, त्यातल्या एकाला या डोंगराचं. तोच आजचा ‘मेन्सा’. पृथ्वीवरच्या एखाद्या ठरावीक डोंगराच्या नावाचा हा एकमेव तारकासमूह. त्याच्या कडेला मोठा मॅजेलॅनिक मेघ धूसर दिसतो, म्हणजे आकाशातल्या टेबलावरही ढग आहेच. तो इतका दक्षिणेला आहे की महाराष्ट्रातून क्षितिजावर नीट येतच नाही.

सह्याद्रीशी ताडून पाहू

टेबल माउंटनचा सर्वोच्च बिंदू मॅक्लिअर्स बीकन, उंची १,०८६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीत आपण कितीतरी पुढं! पण टेबल माउंटन थेट समुद्राकाठून उठतो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. सपाट माथा पाहून सह्याद्रीतली एखादी पठारी डोंगररांग आठवेल, पण पोटातला दगड वेगळा. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. टेबल माउंटनचा वालुकाश्म ४५ कोटी वर्षांहून जुना. वनस्पतींच्या बाबतीतही हा डोंगर गडगंज आहे. तो ज्या प्रदेशात येतो त्या केप फ्लोरल रीजनला २००४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वर जायला १९२९पासून तारेवरची गाडी आहे. १९९७पासून तिची जमीन फिरती आहे, त्यामुळं खिडकीशी धक्काबुक्की न करता सगळ्यांना चारही बाजू दिसतात.

घोड्यावरून समुद्रात

टेबल बे दिसते शांत, पण हिवाळ्यात वायव्येचं वादळ आलं की नांगरलेली जहाजं सरळ किनाऱ्यावर आदळत. १ जून १७७३ला ‘दे यॉन्ग थॉमस’ हे जहाज असंच फुटलं. व्होलराड व्होल्टेमाडे नावाचा वयस्कर गवळी घोड्यासह लाटांत शिरला. एका खेपेला दोघांना घोड्याला धरायला लावून किनाऱ्यावर आणायचा. अशा सात खेपांत त्यानं चौदा जीव वाचवले. आठव्या खेपेला घाबरलेल्या माणसांनी एकदम घोड्याला गच्च पकडलं आणि घोडा, घोडेस्वार दोघंही बुडाले. डच कंपनीनं पुढं एका जहाजाला त्याचं नाव दिलं आणि १९७३मध्ये दक्षिण आफ्रिकेनं त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकिटं काढली. कुठल्याही राजाहून हा गवळी तिकिटाला अधिक लायक होता.

समुद्र मागं सरला

१६६६ ते १६७९ या काळात बांधलेला केप टाउनचा किल्ला एके काळी अगदी लाटांजवळ होता. आज तिथून समुद्र चांगलाच दूर आहे, कारण विसाव्या शतकात भराव टाकून नवी जमीन तयार केली. मुंबईकरांना हे सांगायला नकोच, आपलं नरिमन पॉइंट तसंच उभं राहिलं. म्हणून १९००चं तिकीट हा एका हरवलेल्या किनाऱ्याचा दाखलाही आहे. त्याच उपसागरातल्या रॉबेन बेटावर नेल्सन मंडेलांनी आपल्या २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं काढली. तिथल्या कैद्यांना समोर हाच डोंगर दिसे.

चेहरा भलत्याचाच

व्हान रीबेकचं म्हणून एक चित्र दक्षिण आफ्रिकेच्या तिकिटांवर आणि नोटांवर वर्षानुवर्षं छापलं गेलं. पुढं अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा ते बार्तोलोमेउस व्हर्मॉयडन नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाचं असल्याचं मत पुढं आलं. लाखो लोकांच्या खिशात भलताच माणूस फिरत होता! सरकारी छपाई म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हा यातला धडा.

साताऱ्याहून केपला

सर बार्टल फ्रियर हे नाव मराठी वाचकांना परकं नाही. साताऱ्याचं राज्य खालसा झालं त्या काळात तिथं इंग्रजांचा प्रतिनिधी हाच होता. पुढं तो सिंधचा कमिशनर झाला आणि १ जुलै १८५२ला त्यानं ‘सिंध डाक’ ही आशियातली पहिली टपाल तिकिटं काढली. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. फोर्टची तटबंदी त्याच्याच काळात पाडली गेली आणि फ्लोरा फाउंटनला आधी त्याचंच नाव द्यायचं घाटत होतं. हाच माणूस १८७७मध्ये केपचा गव्हर्नर होऊन टेबल माउंटनच्या पायथ्याशी राहायला गेला. आशियाचं पहिलं तिकीट गोल, केपचं पहिलं तिकीट त्रिकोणी, आणि दोन्हीकडं कारभार करून गेलेला साहेब एकच. झुलू युद्ध ओढवून घेतल्यामुळं १८८०मध्ये त्याला परत बोलावलं.

रत्नागिरीचे केप टाउनकर

आणि आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान मुंबईहून बोटीनं केप टाउनला जाऊ लागले. कोणी दुकान टाकलं, कोणी फेरीवर माल विकला, कोणी मजुरी केली. डिस्ट्रिक्ट सिक्स या डोंगरालगतच्या वस्तीत कित्येकांनी घर केलं. बायकापोरं बहुतेक गावीच. १९०२मध्ये केपनं कायदा केला आणि युरोपीय भाषेत लिहिता न येणाऱ्यांना दार बंद झालं. आधीपासून राहणाऱ्यांना गावी जायचं तर फोटो लावलेला परवाना घ्यावा लागे. मुदतीत परतलं नाही तर केपमध्ये राहण्याचा हक्कच जाई. अशा तुटक संसारांना सांधायचं काम पत्रांनी केलं. डिस्ट्रिक्ट सिक्स तर १९६६मध्ये वर्णद्वेषी सरकारनं ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ठरवलं आणि साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली. तरीही कोकणी भाषा केप टाउनमध्ये टिकली, इतकी की भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर अभ्यास केला. समुद्रापार शंभर वर्षं आपली बोली जपणाऱ्या या माणसांचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटावा.

गोखल्यांचं मराठी भाषण

२२ ऑक्टोबर १९१२ला केप टाउनच्या बंदरात एक पाहुणा उतरला. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. स्वागताला मोहनदास गांधी हजर होते. याच दौऱ्यात कोकणी मुसलमानांना गोखल्यांचं भाषण मराठीत ऐकायचं होतं. गांधीजींनी आग्रह धरला आणि त्याचं हिंदुस्थानीत भाषांतर करायची जबाबदारी स्वतः घेतली. गांधीजींना मराठी कुठून येतं, याची गोखल्यांना भारी गंमत वाटली, पण भाषण झालं आणि भाषांतरही नीट पार पडलं. ही हकिगत गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. त्यानंतर जुलै १९१४मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेला कायमचे सोडून निघाले ते याच केप टाउनहून. आणि गोखले? ९ मे १९६६ला, जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

तुमच्या पेटीत काय आहे?

कोकणातल्या जुन्या घरांत, पेटाऱ्यात, माळ्यावर आफ्रिकेहून आलेली पत्रं अजून असतील. ती हाती लागली तर एवढं करा. पाकिटावरचं तिकीट कापू नका, भिजवून सोडवू नका. सुटं तिकीट फक्त किंमत सांगतं. शिक्क्यासकट पाकीट मात्र पत्र कुठून निघालं, कधी निघालं, कुठल्या गावी पोचलं आणि कोणाच्या नावाचं होतं ते सगळं सांगतं. पाकीट कोरड्या जागी, आम्लविरहित कागदात, उन्हापासून लांब ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पत्रातली नावं आणि नाती एका वहीत लिहून काढा. सरकारी दप्तरांत या माणसांचे परवाने सापडतात, पण त्यांच्या मनातलं जे काही होतं ते या पत्रांतच आहे. ती जपणं आपल्याच हाती आहे.